काचेच्या वाडग्यातील जलदुर्गाची बखर

॥ श्री ॥ प्रथम पाण्यास नमन, जे बोलाविल्यावाचून खाली उतरते. मग मातीस नमन, जी त्यास धरोन ठेवते. मग ऐकणारांस नमन, की ज्यांचे गॅसवर दूध नसेल त्यांनी स्वस्थ बसोन ऐकावे आणि ज्यांचे असेल त्यांनी आधी गॅस बंद करोन यावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, पोळ्याचा दिवस, ते समयी एका शहरी एका इमारतीचे दुसरे मजल्यावर एक राज्य नांदत होते. राज्याचे नाव लिहावयाची परवानगी नाही. विस्तार म्हणाल तर तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, पूर्वेस एक गॅलरी, आणि चतुःसीमेवर इतर राज्यांच्या फोडण्यांचे वास. राज्याचे धनी भालचंद्रराव, विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. परंतु घरचा कारभार आणि जबाबदारी मंदाकिनीबाईंकडे, आणि डबा, चाव्या, औषधांच्या वेळा ही तिन्ही खाती त्यांचेच हाती होती. बाईंचे वय एक्कावन्न, शिक्षण बारावी, बाकी सर्व विद्या पाहोन आणि चुकोन घेतलेली. आणि मागील दालनात राहात ते थोरले सरकार, बाईंचे सासरे, रंगनाथआबा, वय एक्क्याऐंशी.

आबांचा पराक्रम सांगावा तितका थोडा. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचे दार उघडावे त्यांनी, मिटावे त्यांनी, आणि कोणाच्या रानास पाण्याची पाळी कधी यावी हा निवाडाही त्यांनीच द्यावा. बागाईतदार मोठमोठे, परंतु पाळीपुढे सगळे सारखे, ऐसा त्यांचा दरारा होता. निवृत्त जाहले, मग भालचंद्ररावांच्या आईसाहेब कैलासवासी जाहल्या, तरी आबा गावीच कालव्याकाठच्या घरात एकटे राहिले. मागील साली थंडीत सकाळी अंगणात पाय घसरोन पडले आणि संध्याकाळी दूधवाला आला तोवर तेथेच पडोन होते. मग भालचंद्ररावांनी त्यांस उचलोन या राज्यात आणिले. हाड जुळले. मन काही जुळेना. पायांत बळ असता खोलीबाहेर पडेनात, जेवण खाटेवर घेत, आणि खिडकीतोन शेजारच्या इमारतीची भिंत दिसे ती पाहात बसत. दिवसाकाठी दोन शब्द बोलत. एक ‘हं’ आणि दुसरा ‘नको’.

तर पोळ्याचे दिवशी पुरणपोळी पुढे आली आणि आबा एकदम पाच शब्द बोलिले. म्हणाले, “दसऱ्याला मला गावी सोड, भालू.”

भालचंद्ररावांचा घास हातात राहिला. “आबा, तिथं कोण आहे आता?”

“इथं कोण आहे? तू कचेरीत. मंदा तिच्या कामात. मी भिंतीकडं बघतो, भिंत माझ्याकडं. आता तिलाही कंटाळा आला असंल.”

“आणि पुन्हा पडलात तर?”

“तर पडलो,” आबा म्हणाले, आणि पोळीवर तूप मागोन घेतले, म्हणजे विषय मिटला.

मंदाकिनीबाईंनी तूप वाढले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. त्यांस एकोणतीस वर्षांमागील एक सकाळ आठवली. नवी नवरी, माहेर नदीकाठचे, आणि सासर माळावरचे. चुलीपुढे बसोन रडत होत्या आणि धुराचे निमित्त सांगत होत्या. आबांनी कोणास न विचारता त्यांस सायकलीच्या मागे बसविले आणि कालव्यावर नेले आणि दाराचे चाक फिरविले, आणि कोरड्या चारीतोन पाणी पुढे फेस, मागे पालापाचोळा ऐसे धावत येताना दाखविले. “ही तुझी नदी. मंगळवारी नि शनिवारी येते,” इतकेच बोलिले. ते बाईंनी जन्मभर जपले. आता आबा गावी जाऊन एकटे अंगणात पडतील तर त्यांस संध्याकाळचा दूधवाला सापडेलच ऐसे नाही, हे बाई जाणत होत्या, आणि धरोन ठेविता येईल ऐसा हा मनुष्य नव्हे हेही जाणत होत्या. हाती दिवस चाळीस. मसलतीस कोणी नाही. मग हात पुसोन त्यांनी मोबाईल उघडला.

त्या मोबाईलमध्ये बाईंचे एक गुरू होते. जपान मुलुखीचे कोणी गृहस्थ. तोंड कधी दिसले नाही, शब्द कधी कळला नाही, केवळ दोन हात दिसत आणि ते हात जे करीत ते बाई पाहात. ते हात मातीचा मोसंब्याएवढा गोळा करीत, त्यात पाणवनस्पतींची रोपे रोवीत, वरोन शेवाळ लपेटीत आणि काचेच्या पसरट वाडग्यात ठेवोन तळाशी चार बोटे पाणी ओतीत. मग रोपे मुळांनी पाण्यात आणि पानांनी वाऱ्यावर ऐशी वाढत, आणि सगळा प्रकार एखाद्या ओढ्याची कड कापोन टेबलावर आणिल्यासारखा दिसे. बाईंनी हे दोन वर्षे पाहिले होते आणि कधी केले नव्हते, कारण या राज्यात तुळशीवाचून लावलेले झाड जगत नसे; मनीप्लँटदेखील एकदा गेला होता. परंतु त्या दिवशी त्यांनी निश्चय केला की नदी माळावर येऊ शकते तर दुसऱ्या मजल्यावरही येईल.

मग तयारीस आरंभ जाहला. शोकेसमध्ये लग्नात आलेला फ्रूट सॅलडचा काचेचा वाडगा होता, परातीएवढा पसरट, एकवीस वर्षे जागचा न हललेला, कारण तो चांगला होता. तो बाईंनी काढिला. भालचंद्रराव म्हणाले, “अगं, तो चांगला आहे.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच.” मग जपानची रोपे कोठोन आणावी हा प्रश्न पडला, आणि बाईंनी मुलुखातलीच फौज भरती केली: नर्सरीतोन ब्राह्मी आणि वेखंड, दोन्ही मुळात पाणथळ जागेच्या रहिवासी, गॅलरीच्या पाइपाशी आपोआप उगवलेला नेचा, आणि शेवाळासाठी उलथणे घेऊन त्या स्वतः खाली उतरल्या आणि इमारतीच्या मागील भिंतीवर चालोन गेल्या. सोसायटीचे रखवालदार म्हणाले, “वहिनी, भिंत धुताय का?” बाई म्हणाल्या, “हो, थोडीशी,” आणि पसाभर हिरवे मखमल पदराखाली घेऊन विजयी परतल्या.

राहिली माती. येथेच घात जाहला, आणि तोही पुण्याईच्या मार्गाने. मध्यंतरी भाद्रपद लागोन घरी दीड दिवसांचे गणपती येऊन गेले होते. मूर्ती शाडूची, विसर्जन घरच्या बादलीत, आणि बादलीतली माती टाकावयाची नाही, झाडास घालावयाची, ही घरची रीत. बाईंच्या मनी आले की देवाची माती आहे, याहोन शुभ पाया कोणता? मग तिचा सुबक गोळा वळिला, गुरूंच्या हातांसारखा, त्यात ब्राह्मी रोविली, मागे वेखंडाच्या तलवारी, पायथ्याशी नेचा, वरोन शेवाळ, आणि साडीच्या फॉलच्या हिरव्या दोऱ्याने सर्व बांधिले. वाडग्यात ठेविले, पाणी ओतिले, आणि तो जलदुर्ग आबांच्या खाटेशी स्टुलावर नेऊन स्थापिला. म्हणाल्या, “आबा, बघा.”

आबांनी पाहिले. “हे काय?”

“झाडं. अर्धी पाण्यात, अर्धी वर.”

“असं जगतं का काही?”

“जगतं म्हणतात.”

“हं,” आबा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसरे दिवशी सकाळी बाई चहा घेऊन गेल्या तो वाडग्यात गड नव्हता. पाणी ताकासारखे पांढरे, त्यात ब्राह्मी आडवी, वेखंड उताणे, नेचा बेपत्ता, आणि हिरवा दोरा तेवढा रिकामा तरंगत होता. बाई चहाचा कप घेऊन उभ्याच राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसो द्यावयाचे नाही हा त्यांचा नेम होता, म्हणोन कप स्टुलावर ठेवोन दोरा बाहेर काढो लागल्या. आणि खाटेवरोन आवाज आला.

“गणपतीची माती घातलीस?”

“हो.”

“विरघळायची माती ती. विरघळली. तिचं काय चुकलं?”

बाईंनी वळोन पाहिले तो आबा उठोन बसले होते आणि चष्मा शोधीत होते. मग त्यांनी वाडगा जवळ ओढला, पाण्यात बोट बुडविले, तळाचा गाळ चिमटीत धरोन चोळिला, आणि आठ महिन्यांत बोलिले नव्हते इतके एका दमात बोलिले. “पाण्यात उभा राहायचा भराव पिवळ्या चिकणमातीचा लागतो. त्यात काथ्या बारीक कापून. मळून तीन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवायची, मुरली पाहिजे. आख्खा कालवा असाच उभा आहे. तुझ्या त्या फोनमधल्या माणसानं सांगितलं नाही?”

“तो बोलत नाही, आबा.”

“हाताखालच्यांना सांगत नाही, असले साहेब आमच्यातही होते,” आबा म्हणाले.

मग हुकूम सुटले. भालचंद्ररावांस पिवळ्या मातीच्या मोहिमेवर पाठविले. कचेरीजवळ पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता, त्या खंदकात ते इस्त्रीच्या पँटीनिशी उतरले आणि डब्याच्या पिशवीत माती भरू लागले. हाताखालचा एक कारकून वरोन पाहात होता. त्याने विचारिले, “सर, काही पडलं का?” भालचंद्रराव म्हणाले, “नाही. वडिलांना माती हवीय.” आणि पिशवीत आणखी दोन ओंजळी भरल्या. इकडे बाईंनी नारळाच्या शेंड्या सोडविल्या आणि कात्रीने काथ्या बारीक केला, आणि परातीत माती घेऊन खाटेशी बसल्या. आबा वरोन पाहात आणि सांगत. “सैल झाली. कणकेसारखी नको, भाकरीच्या पिठासारखी. तळहाताला चिकटून सुटली पाहिजे. हां. आता दाब. अजून. भिऊ नको, मोडत नाही.” बाई मळत राहिल्या आणि मनात म्हणाल्या, बोला, आबा, बोलत राहा, मी आठवडाभर मळीन.

तीन दिवस माती मुरली, चौथे दिवशी गड पुन्हा बांधिला, आणि या वेळी दोरा आबांनी धरिला. पाणी ओतिले. एक दिवस गेला, दोन गेले, गड जागचा हलला नाही आणि पाणी निवळले. मग गुरूंच्या पद्धतीने वरोन पारदर्शक पिशवीचा तंबू उभारिला, की आत ओल राहावी, आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने सकाळ-संध्याकाळ तुषार मारावे ऐसा बंदोबस्त केला. तो फवारा आबांनी स्वतःकडे मागोन घेतला. मग एक कुल्फीची काडी मागितली, तिजवर पेनाने बारीक रेघा ओढिल्या आणि वाडग्यात उभी रोविली, आणि म्हणाले की पाणी चौथ्या रेघेखाली गेले नाही पाहिजे आणि सहावीवर चढले नाही पाहिजे. रोज सकाळी दोन तांबे पाणी काढावे आणि दोन तांबे ताजे घालावे, ही पाळी. काढलेले पाणी गॅलरीतल्या तुळशीस.

परंतु खाटेशी उजेड नव्हता, आणि आठव्या दिवशी ब्राह्मी पिवळी पडो लागली. बाई म्हणाल्या की गड उजेडात हलवावा लागेल. आबा म्हणाले, “हलव.” मग दिवाणखान्याच्या खिडकीत नेला. खाटेपासोन अंतर अकरा पावले. पहिले दिवशी आबांनी खाटेवरोनच विचारिले, “पातळी काय?” बाई स्वयंपाकघरातोन म्हणाल्या, “मला त्या रेघा कळत नाहीत, आबा, माझे हात पिठाचे आहेत.” मग काठीचा आवाज आला. अकरा पावले, मध्ये एकदा थांबोन. बाई पोळपाटाकडे पाहात राहिल्या आणि ती पोळी तेवढी करपली. पुढील आठवड्यात त्यांनी तंबू उतरवोन गड गॅलरीत नेला, म्हणजे अंतर एकोणीस पावले जाहले. भालचंद्रराव म्हणाले, “अगं, किती लांब नेशील?” बाई म्हणाल्या, “उजेडासाठी हो.” हे खोटे नव्हते. ब्राह्मीस नवे पान फुटले होते.

ऐसे सर्व बरे चालिले असता पितृपंधरवड्यात परचक्र आले. शहरी डेंग्यूचा उपद्रव माजला होता, आणि घरोघरी साचलेले पाणी शोधोन ओतावयाची मोहीम सुरू होती. त्या मोहिमेच्या सरदार छायाताई, आरोग्यखात्याच्या, हातात टॉर्च आणि खांद्यास पिशवी ऐशा बेल वाजवोन आत आल्या. फ्रिजमागचा ट्रे पाहिला, कुंड्यांच्या बशा पाहिल्या, मग गॅलरीत वाडगा पाहिला आणि म्हणाल्या, “काकू, हे ओता.”

“ओतायचं नाही,” आबा म्हणाले. ते खुर्ची टाकोन तेथेच बसले होते.

“आजोबा, साचलेलं पाणी आहे.”

“साचलेलं कोण म्हणतं? रोज दोन तांबे बाहेर, दोन आत. पाळीचं पाणी आहे हे.”

“डासाला पाळी कळत नाही, आजोबा.” छायाताईंनी टॉर्च पाण्यात मारला, वाकल्या, आणि बोट दाखविले. “ही बघा. वळवळतेय. ही दुसरी.”

आबांनी चष्मा पुसोन पाहिले. दोन अळ्या होत्या. चौतीस वर्षे पाण्याची नोकरी केलेला मनुष्य, आणि त्याच्या पाण्यात खोट निघाली. बाईंनी त्यांचे तोंड पाहिले; तो चेहरा पुन्हा भिंतीकडे वळावयाच्या बेतात होता. बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, “ताई, बसा. चहा टाकते. ओतायला लावाल तर ओतते, पण आधी आबांना सांगा, ही कुठून आली आणि कशानं जाते.”

छायाताई दिवसाकाठी साठ घरे फिरणाऱ्या, आणि साठ घरी लोक दार लावोन घेत. येथे एक म्हातारा बसोन विचारीत होता की डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेस की मध्ये. त्या बसल्या. चहा घेतला, सर्व सांगितले, आबांनी तीन वेळा पुन्हा विचारिले. शेवटी छायाताई म्हणाल्या, “आजोबा, आज हे पाणी बदला, माझ्यासमोर. उद्या मी ऑफिसच्या टाकीतले गप्पी मासे आणून देते. अळ्या खातात. पण दर गुरुवारी मी बघणार, आणि एक जरी सापडली तर मी स्वतः ओतीन.”

“या,” आबा म्हणाले. “तपासणी पाहिजेच. आमच्या साहेबांनी कधी केली नाही.”

येणेप्रमाणे तह जाहला. दुसरे दिवशी पाण्याच्या बाटलीतोन तीन गप्पी आले आणि गडाच्या पायथ्याशी गस्त घालो लागले. नंतरच्या गुरुवारी छायाताईंस एकही अळी सापडली नाही. ब्राह्मी वाडग्याबाहेर झुकली, वेखंड ताठ जाहले, शेवाळाने दोरा गिळोन टाकिला, आणि ज्यास बेपत्ता लिहिले होते त्या नेच्याच्या जागी नवा नेचा स्वारी करोन बसला. घटस्थापनेस बाईंनी घटाशी गहू पेरिले, आणि त्या नऊ दिवसांत आबा सकाळी आधी गडावर जात आणि मग घटाकडे पाहोन म्हणत, “तुमचं बरंय, तुम्हाला नऊच दिवस उभं राहायचंय.”

परंतु दसऱ्याचा शब्द त्यांनी मागे घेतला नव्हता. अष्टमीस पिशवी भरली. धोतरे, औषधे, काठीचे जादा रबर. भालचंद्ररावांनी गाडी सांगितली. बाईंनी पिशवी पाहिली आणि त्या रात्रीच्या भाकरीस मीठ विसरल्या. त्यांस आशा होती, ती संपली. कोणास हात जोडोन थांबवावे हा त्यांचा स्वभाव नव्हे, आणि त्या थांबवतील तर आबा अधिक लौकर निघतील हेही त्या जाणत होत्या. मग विजयादशमीस सकाळी पूजा जाहली, आपट्याची पाने वाटोन जाहली, घटाचे तुरे कानावर खोवले, खाली गाडी येऊन उभी राहिली, आणि बाई वही आणि पेन घेऊन गॅलरीत आल्या. डोळे लाल होते. या वेळी धुराचे निमित्त नव्हते.

म्हणाल्या, “आबा, जायच्या आधी पाळी लिहून द्या. मला रेघा वाचता येत नाहीत. तुम्ही गेल्यावर माझ्या हातून मेलं तर छायाताई मलाच ओततील.”

आबांनी वही घेतली. खुर्चीत बसले आणि लिहो लागले. अक्षर सुंदर, खात्यातले. आश्विन-कार्तिक, रोज दोन तांबे, पातळी पाच. मार्गशीर्ष-पौष, थंडी, दीड तांबा पुरे, माशांस ऊन दाखविणे. माघ, छाटणी, ब्राह्मी दोन बोटे. फाल्गुन, पाणी उडावयास लागते, दोन वेळा पाहणे. आणि मग चैत्र लिहिले, आणि पेन थांबले.

खाली गाडीने हॉर्न दिला. भालचंद्रराव पिशवी हातात धरोन दाराशी उभे होते. आबांनी गॅलरीतोन वर पाहिले, मग ऊन कोठवर येते ते जमिनीवर पाहिले, मग समोरच्या इमारतीची उंची डोळ्यांनी मोजली.

“उन्हाळ्यात इथं ऊन किती वाजता येतं?”

“मला काय माहीत, आबा. मी कधी बघितलंच नाही.”

“भालू, तुला?”

भालचंद्रराव एकवीस वर्षे या राज्याचे धनी. म्हणाले, “पंखा लावतो आम्ही.”

आबांनी टोपण लाविले. “उन्हाळा बघितल्याशिवाय उन्हाळ्याची पाळी लिहिता येत नाही. अंदाजानं आकडा टाकायचा ही आपली रीत नाही. माणसं उपाशी मरतात त्यानं.” मग भालचंद्ररावांकडे वळले. “ती गाडी परत पाठव. किती वेळ हॉर्न वाजवतोय.”

हा बाईंचा डाव होता की खरोखरच त्यांस रेघा वाचता येत नव्हत्या, हे लोकांनी मागाहून विचारिले. बाई म्हणाल्या, “दोन्ही.”

मग पिशवी उघडली आणि धोतरे कपाटात गेली. आणि त्या दिवशी सीमोल्लंघन जाहले ते ऐसे की थोरले सरकार काठी घेऊन, आपट्याची पाने खिशात घालोन, दोन मजले स्वतःच्या पायांनी उतरले, मध्ये दोनदा बसोन, कारण समोरच्या रस्त्यावर छायाताई दुसऱ्या इमारतीत शिरताना दिसल्या होत्या आणि त्यांस सोने द्यावयाचे राहिले होते. बाई एक पायरी मागे चालत होत्या, हात न लाविता.

एवंच, गड एक, पहिला पडला आणि दुसरा उभा आहे. मासे तीनाचे अकरा जाहले. वहीचे चैत्राचे पान कोरे आहे आणि त्याची कोणास घाई नाही. पाणी आज पाचव्या रेघेवर आहे. हे जसे पाहिले तसे लिहिले, कमी-जास्त असल्यास वाचणाराने एक तांबा काढावा, एक घालावा. इति.